डाव्या बरगडीखाली

रुख्मानं दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि प्रेमिलाच्या डाव्या बरगडीखाली बोटं टेकवली.

"श्वास घे. खोल."

प्रेमिलानं श्वास घेतला. पोट वर आलं, खाली गेलं. रुख्माच्या बोटांना काहीच लागलं नाही. तिनं हात जरा खाली नेला, मग बेंबीच्या बाजूला, मग पुन्हा बरगडीपाशी आणला.

"गुदगुल्या होतात गं. काय हरवलंय तुझं तिथं?"

"तुझी पानथरी सापडत नाही."

"असेल कुठंतरी. मी काही कुणाला दिली नाही."

शेजारच्या खाटेवर पुस्तक वाचत पडलेली वच्छला हसली. सोमवारपासून त्यांच्या तुकडीला मेडिसिनच्या वॉर्डात जायचं होतं. आतापर्यंत डोळ्यांच्या वॉर्डात लोकांच्या पापण्या उलटून पाहण्यातच दिवस गेले होते. पोट कसं तपासायचं ते दिवाळीच्या आधी एकदा घाईघाईनं दाखवलं होतं, तेवढंच. म्हणून रविवारी दुपारी वसतिगृहाच्या खोलीचं दार लावून मुलींनी एकमेकींवर हात बसवायचा असं ठरलं होतं, आणि शिकवायचं रुख्मानं. एरवी ती मागं राहणारी. पण या एका गोष्टीत तिचा हात तयार होता. दिवाळीच्या सुट्टीत नवेगाव बांध या आपल्या गावी तिनं अख्खी आळी तपासली होती.

"तू आजारी तर नाहीस ना?" तिनं प्रेमिलाला विचारलं.

"आजारी? पुस्तकात प्लीहेबद्दल काय लिहिलंय ते वाच की. निरोगी माणसाची पानथरी बरगड्यांच्या आड असते. हाताला लागत नाही."

"ते विलायतेच्या माणसांचं. त्यांची अंगकाठी वेगळी."

"मग मी कुठली? अमरावतीची आहे मी!"

वच्छला आता मोठ्यानं हसली. रुख्माही हसली, पण हात काढून घेताना तिच्या कपाळावर आठी होती. पुस्तकातलं ते वाक्य तिला पाठ होतं. ते वाचलं तेव्हाच तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की पुस्तक लिहिणाऱ्यानं आपली माणसं पाहिलेली नाहीत. आपली म्हणजे बाबा, सुकराम काका, धुरपता काकी, आळीतली सगळी पोरं. विच्छेदनाच्या टेबलावरही तिच्या वाट्याला आलेल्या देहात पानथरी चांगली वीतभर निघाली होती. डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातांनी चाचपलेलं एकीकडे, आणि परक्या मुलखात छापलेलं एक वाक्य दुसरीकडे.

"सरक. आता तू झोप," प्रेमिला उठून बसत म्हणाली. "मी शोधते तुझी."

रुख्मा खाटेवर आडवी झाली. प्रेमिलानं तिचीच नक्कल करत तळवे घासले, डोळे मिटून वैद्यबुवांसारखा गंभीर चेहरा केला आणि बोटं टेकवली. बोटं टेकताच तिनं डोळे उघडले.

तिनं हात हळूच खाली सरकवला, थांबली, पुन्हा वर आणला.

"सापडली ना?" रुख्मा म्हणाली. "तेच सांगते आहे मी. इथं असते ती."

"दुखतं तुला?"

"दुखायचं काय त्यात? लहानपणापासून आहे."

"वच्छला, इकडे ये जरा."

वच्छला आली. तिनंही हात लावून पाहिला. तिचं हसू कुठं गेलं ते रुख्माला कळलं नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. मग प्रेमिलानं तिचा पदर नीट केला, आजारी माणसाचं पांघरूण सारखं करावं तसा.

"उद्या सरांना दाखव," ती म्हणाली.

सोमवारी सरांनी रुख्माला आधी काहीच सांगितलं नाही. पुरुषांच्या वॉर्डात नेलं आणि ओळीनं तीन खाटांपाशी उभं केलं. एकाचं मनगट मोडलेलं, दुसऱ्याच्या पायाला गळू, तिसरा घरी जायच्या तयारीत कपडे घालून बसलेला. तिघेही शहरात वाढलेले.

"पोटं तपासा."

तिनं तिन्ही पोटं तपासली. तिसऱ्या पोटावर तिचा हात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला. तो माणूस सरांना म्हणाला, "साहेब, बाईंना म्हणा मी बरा आहे. घरी वाट पाहतात."

"बराच आहेस," सर म्हणाले. "म्हणूनच त्या पाहताहेत."

मग ते चौथ्या खाटेपाशी गेले. तिथं एक हडकुळा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोळे पिवळट, पोट पुढं आलेलं. इथं रुख्माला शोधावं लागलं नाही. हात ठेवताच पानथरी लागली. कडा टणक, मधे ओळखीची खाच. किती बरं वाटलं तिला त्या क्षणी! एकदाचं कुणीतरी आपल्यासारखं.

"ही," ती म्हणाली. "ही बरोबर आहे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता.

"तुमचं गाव कुठलं?"

"नवेगाव बांध. भंडारा जिल्हा."

"तलावाकाठी. जंगलात."

"हो."

"हा तुमच्याच बाजूचा आहे. वर्षानुवर्षं हिवताप अंगात मुरला की पानथरी अशी होते. तुम्ही निरोगी पोट पाहिलेलंच नाही. तुमच्या गावात ते नसेलच." ते थोडं थांबले. "तुमचीही अशीच आहे, असं तुमच्या मैत्रिणी सांगत होत्या."

रुख्माचा हात अजून त्या माणसाच्या पोटावर होता. तो काढून घ्यायचं तिला सुचलं नाही. बाकीची मुलं जवळ आली होती, वह्या उघडून. सरांनी शिकवायला सुरुवात केली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"याला हळू हात लावा. ही दाबून पाहायची वस्तू नव्हे. एवढी वाढलेली पानथरी एखाद्या धक्क्यानंही फुटते. बैलाचं ढुसणं, पायरीवरून पडणं, भांडणातली एक लाथ. बाहेर ओरखडासुद्धा दिसत नाही. माणूस उठून बसतो, बोलतो. रक्त आत जात राहतं. काही जण म्हणतात, डावा खांदा दुखतो. मार लागला बरगडीला आणि दुखतो खांदा, म्हणून आपण फसतो. लक्षात ठेवा."

मुलांनी लिहून घेतलं. रुख्मानं लिहिलं नाही. याची पानथरी बाबांच्या पानथरीच्या निम्मीही नव्हती.

दिवाळीत खुशालनं, तिच्या बाबांनी, स्वतः ओसरीवर सतरंजी घातली होती. आई तापानं गेली तेव्हा रुख्मा लहान होती. गावात पुष्कळ माणसं तापानं जात, त्यात कुणाला नवल वाटत नसे. तेव्हापासून खुशालच्या डोक्यात एकच, पोरीला डॉक्टरीण करायची. गोंदियाला मामाकडे ठेवून शिकवली, नागपूरला धाडली. पहिल्यांदा तेच आडवे झाले होते, सगळ्यांच्या आधी. त्यांची पानथरी बेंबी ओलांडून गेली होती. रुख्माला वाटलं होतं, बाबांचं हाडपेर मोठं, म्हणून पानथरीही मोठी.

"ठीक हाये ना, माय?"

"ठीक आहे बाबा."

मग रांग लागली. शेजारचा सुकराम आडवा झाला आणि छपराकडे पाहत म्हणाला, "पोरगा हाये का पोरगी, सांगून दे व बाई. धुरपताले सांगून मोकरा होतो." ओसरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. रुख्मानं त्यालाही सांगितलं होतं, ठीक आहे. सगळ्यांनाच सांगितलं होतं.

तिनं सरांकडे रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं नाही. दवाखान्यातून गोळ्यांची पुडकी बांधून दिली आणि म्हणाले, "यातल्या तुम्हीही घ्यायच्या."

गोंदियाला गाडी बदलून ती छोट्या गाडीत बसली आणि देवलगावला उतरली. सबंध प्रवासात तिचा उजवा हात पदराखाली डाव्या बरगडीपाशी होता. गाडीत माणसं चढत होती, उतरत होती. डोईवर बोचकी, काखेत पोरं. उघड्या पोटांची पोरं. आधी ती त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत असे.

स्टेशनापासून ती चालतच निघाली. धान कापून झालं होतं आणि शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. गावाच्या अलीकडे त्यांचं खळं. खुशाल तिथंच होते. धानाचं पोतं पाठीवर घ्यायला वाकले होते.

"बाबा! ठेवा ते खाली!"

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बैल बिचकले. खुशालनं पोतं सोडलं आणि वळून पाहिलं.

"रुख्मा? अवो, तू कशी काय? काऊन ओरडून रायली?"

ती धापा टाकत जवळ आली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. खुशालनं तिची पिशवी घेतली, पोत्यावर बसायला जागा झटकली. मग त्यांचा चेहरा बदलला.

"तुले खबर लागली वाटते," ते म्हणाले. "मी तर म्हटलो, पोरीचा अभ्यास सुरू हाये, कायले कळवा."

"कसली खबर?"

"सुकरामची."

रुख्मा उभीच राहिली.

"परवा गेला, माय. भारे रचून रायला होता गाडीवर. पाय घसरला अन पडला. हे एवढ्यावरून." त्यांनी आपल्या कमरेपाशी हात धरला. "गाडीच्या साटीच्या लाकडावर आपटला असन. पन उठून बसला! हासला मले पाहून. म्हने, खुशालभाऊ, म्हातारा झालो गा. पानी पेला. मंग म्हने खांदा दुखते."

"कोणता खांदा?"

"आता कोनता म्हंजे?"

"डावा की उजवा, बाबा?"

खुशालनं डोळे बारीक करून आठवलं. मग स्वतःच्याच खांद्याला हात लावला. "हा. डावा. धुरपतानं तेल कोमट करून खांद्याले रगडलं. घाम सुटला होता त्याले, अंग गार. दिवस बुडला नाही अन गेला. लागलं तर काहीच नव्हतं, वो. रक्ताचा ठिपका नाही. लोकं म्हनतात तलावावरचं काही लागलं. मी म्हटलो, काहीही असन, आजारी तर नव्हता मानूस. आमच्या पोरीनं पायला होता."

रुख्मा खाली बसली. पोत्यावर नाही, मातीतच. खुशालला वाटलं तिला दुःख झालं. ते तिच्याजवळ बसले आणि तिचं मन दुसरीकडे न्यावं म्हणून बोलू लागले.

"दिवाळी झाली न, त्याच्या मागून मलेरियावाले आले होते. पाठीवर डबे घेऊन. पोरायची पोटं दाबून पाहे अन म्हने, सारं गाव आजारी हाये, घराघरात दवा मारा लागते. चुलीपाशी मारा लागते, देवापाशी मारा लागते. मी साऱ्यायच्या पुढं झालो. म्हटलो, आमची डॉक्टरीन शिकून रायली नागपूरले. तिनं सारे पायले, सारे ठीक हायेत. तुमच्या वासाचं पानी दुसऱ्या गावात न्या!" ते हसले. "गेले मुकाट्यानं. म्हने, होळीच्या आधी पुन्हा येऊ."

"बाबा," रुख्मा म्हणाली, "मी चुकले."

तिनं सगळं सांगितलं. प्रेमिलाचं पोट, तीन खाटा, चौथी खाट. सरांचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले. बोलताना ती मातीतली धानाची लोंबी सोलत होती. एकेक दाणा निघत होता. खुशालनं तिला मधे थांबवलं नाही. बोलणं संपेपर्यंत त्यांचा हात बंडीच्या आत गेला होता आणि तिथंच थांबला होता.

"अन माही?"

"तुमची सगळ्यांत मोठी आहे."

खुशालनं सावकाश हात बाहेर काढला. मघाच्या पोत्याकडे पाहिलं. बैलांकडे पाहिलं.

"याच्यावर दवा हाये का?"

"आहे. मी आणली आहे. वेळ लागेल. तोवर तुम्ही ओझं उचलायचं नाही, गाडीवर चढायचं नाही. बैलापाशी जपून."

"मंग मी करू काय? पाटावर बसू?" ते चिडले, आणि लगेच आवाज खाली आणला. "धुरपताले नोको सांगू हे."

रुख्मानं मान वर केली.

"सांगून सुकराम उठून येते काय? तिले एवढाच आधार हाये, मानूस निरोगी होता म्हनून. अन तुह्यं काय होईन? अजून डॉक्टरीन झालीच नाही तू. उद्या कोनी तुह्या हातून पानी तरी घेईन का?"

"मलेरियावाले परत आले तर?"

"येऊ दे. मी घराघरात जातो. म्हनतो, माह्याच आयकन्यात चूक झाली. पोरगी सांगे आजारी हाये, मी आयकलो ठीक हाये. म्हातारा मानूस, आयकत नाही बराबर. कोन काय म्हनते मले?"

त्यांनी हे इतकं सहज म्हटलं की रुख्माला क्षणभर ते खरंच वाटलं. असंही होऊ शकलं असतं. दवा मारली गेली असती, गोळ्या वाटल्या गेल्या असत्या, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा ओसरीवर सतरंजी पडली असती.

"चला," ती म्हणाली. "काकींकडे जाऊन येऊ."

धुरपताच्या अंगणात तीनचार बाया बसल्या होत्या. रुख्माला पाहताच त्यांनी वाट दिली. धुरपता भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिची धाकटी नंदा तिच्या मांडीला चिकटून उभी होती. अंगात आखूड झबलं, आणि झबल्याखाली पुढं आलेलं पोट.

"आली व माय," धुरपता म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "पाय न कसं झालं. तूच पायलं होतं त्यायले. किती हासवलं होतं त्यायनं साऱ्यायले. मी हे साऱ्यायले सांगून रायली, डॉक्टरनीनं पायला होता मानूस. रोग नव्हता काही. चांगला होता अन चांगलाच गेला. नाही का?"

बायांनी माना हलवल्या. रुख्मा तिच्यासमोर बसली. मागून खुशाल पुढं झाले आणि खाकरले.

"धुरपता, आयक व. त्या दिवशी माह्याच आयकन्यात..."

"बाबा, राहू द्या."

खुशाल मागं सरले.

"काकी, काका चांगले नव्हते," रुख्मा म्हणाली. नागपूरची भाषा तिच्या तोंडातून आपोआप गळून पडली. "त्यायची पानथरी सुजलेली होती. जुन्या तापानं. मले ओरखताच आली नाही. पडले तवा तेच फुटलं. मी तवाच सांगतलं असतं, तर ते भाऱ्यावर चढले नसते. मी चुकली."

बायांपैकी एकीनं दुसरीकडे पाहिलं आणि मांडीवरच्या पोराला पदराखाली घेतलं. धुरपता रुख्माकडे बघत राहिली. शब्द आत पोचायला वेळ लागावा तशी. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी तेल लावलं. खांद्याले."

"त्यानं काही बिघडलं नाही, काकी."

"जोर लावून रगडलं व मी. ते म्हनत होते, राहू दे."

"तेलानं काही झालं नाही. सच्ची सांगते."

"तू तवाबी सच्चीच सांगतली होती."

रुख्मानं मान खाली घातली. गोळ्यांची पुडकी मांडीवर होती, ती सोडावी की नाही हेही तिला कळेना. मागे खुशाल उभे होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

धुरपतानं हात मागं नेला आणि नंदाला पुढं ओढलं. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभं करून घट्ट धरलं.

"अन हिचं?"

दिवाळीत नंदाचं पोटही तिनं पाहिलं होतं. रुख्मानं हात पुढं केला. अर्ध्यावर धुरपतानं तो मनगटाशी पकडला. बाया सरकून बसल्या. खुशाल एक पाऊल पुढं आले आणि थांबले.

धुरपतानं हात सोडला नाही. मनगट तसंच मुठीत धरून तिनं दुसऱ्या हातानं पोरीचं झबलं वर केलं आणि रुख्माची बोटं स्वतःच नंदाच्या डाव्या बरगडीखाली नेऊन टेकवली.

"दाबू नोको," ती म्हणाली. "नुसता ठेव."